सुएझनं ईडन बुडाले आणि फॉकलंडनं थॅचर तरल्या, हे कसं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९५६ मध्ये अँथनी ईडननी इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावर सैन्य पाठवलं आणि दोन-अडीच महिन्यांत खुर्ची गेली, १९८२ मध्ये थॅचरबाईंनी दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर सैन्य पाठवलं आणि पुढच्याच वर्षी दणक्यात निवडून आल्या, मग ब्रिटिश पंतप्रधान परराष्ट्र धोरणावर तरतो की बुडतो याचा काही नियम आहे का, की लढाई जिंकली तर तरला आणि हरली तर बुडला एवढंच? शिवाय परीक्षेत "सुएझमुळे ईडन पडले" असं सरळ लिहिलं तर चालेल का, असंही विचारलंय.

मी बरीच वर्षं कॉलेजात जागतिक इतिहास शिकवतोय, वर्गात स्पर्धा परीक्षेची पोरंही असतात, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून येतोच. जिंकला-तरला हा नियम लगेच बाजूला ठेवा. चर्चिलनी अख्खं युरोपातलं महायुद्ध जिंकलं आणि जुलै १९४५ मध्ये लोकांनी त्यांना घरी बसवलं, लेबरला ३९३ जागा दिल्या. उलट ब्लेअरचं इराक फसलंय हे सगळ्यांना दिसत असताना २००५ मध्ये ते निवडून आले, मेजॉरिटी कमी झाली पण ६६ ची राहिली. आणि ईडन तर सैनिकी अर्थानं हरलेच नव्हते, पोर्ट सैद हातात आलं होतं, सैन्य कालव्याच्या कडेनं खाली सरकत होतं, तेवढ्यात लंडनहून थांबायचा हुकूम आला.

त्यामुळे खरा प्रश्न मला असा वाटतो की पंतप्रधानाला पाडतं कोण? मतदाराची पाळी चार-पाच वर्षांतून एकदा येते. मधल्या काळात त्याची खुर्ची चार ठिकाणी टेकलेली असते: कॅबिनेटमधले सहकारी, मागच्या बाकांवरचे स्वपक्षाचे खासदार, तिजोरी आणि अमेरिका. दुसऱ्या महायुद्धानंतर तरी अमेरिका त्यात धरावीच लागते. बाहेरच्या देशातली एखादी भानगड पंतप्रधानाला लागते ती या चौघांमधून लागते, थेट मतपेटीतून क्वचित. अर्थात हे काळावर, मेजॉरिटी किती आहे यावर आणि पुढची निवडणूक किती लांब आहे यावर खूप अवलंबून असतं, गणितासारखं सूत्र मागू नका, मिळणार नाही.

आता ईडन जरा नीट बघू, कारण त्यांच्या केसमध्ये हे सगळं एका आठवड्यात डोळ्यासमोर घडतं.

हा माणूस परराष्ट्र धोरणातला कच्चा गडी नव्हता, हे पहिलं लक्षात घ्या. तीन वेळा परराष्ट्रमंत्री (१९३५ ते ३८, १९४० ते ४५, १९५१ ते ५५), फेब्रुवारी १९३८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या इटलीला चुचकारण्यावरून राजीनामा देऊन बाहेर पडलेला, म्हणजे हुकूमशहांपुढे न वाकणारा अशी ख्याती. एप्रिल १९५५ मध्ये चर्चिलनंतर पंतप्रधान झाले, मे महिन्यात निवडणूक घेतली आणि मेजॉरिटी १७ वरून साठच्या आसपास नेली. पण ज्या ख्यातीवर वर आले तीच पुढे नडली, कारण समोर इजिप्तचा अध्यक्ष नासर आला की त्यांना मुसोलिनीच दिसायचा. विरोधी पक्षनेते गेटस्केलनीही २ ऑगस्टला संसदेत हीच तुलना केली होती, त्यामुळे ईडनना वाटलं देश आपल्यामागे आहे. गेटस्केलनी त्याच भाषणात संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत राहा असंही बजावलं होतं, ते बाजूला पडलं.

नासरनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं २६ जुलै १९५६ ला, अलेक्झांड्रियाच्या भाषणात. आठवडाभर आधी अमेरिकेनं आस्वान धरणाची मदत काढून घेतली होती, त्याला हे उत्तर. भाषणात कालवा खोदणाऱ्या लेसेप्सचं नाव आलं की तोच इशारा, त्यावर इजिप्शियन माणसांनी कंपनीची ऑफिसं ताब्यात घेतली. त्या रात्री ईडन डाउनिंग स्ट्रीटवर इराकचा राजा फैसल आणि पंतप्रधान नुरी अल-सईद यांच्यासोबत जेवत होते, म्हणजे अपमान नेमका अरब दोस्तांसमोर पोचला. कंपनीत ब्रिटिश सरकारचे ४४ टक्के शेअर होते, डिझरायलीनं १८७५ मध्ये घेतलेले. आणि त्याच जूनमध्ये शेवटचा ब्रिटिश सैनिक कालव्याच्या पट्ट्यातून बाहेर पडला होता, तोही ईडननीच १९५४ मध्ये केलेल्या कराराप्रमाणे. पक्षातला एक गट त्या करारापासूनच त्यांच्यावर खार खाऊन होता. ही गोष्ट लोक विसरतात: ईडनना कैरोपेक्षा स्वतःच्या मागच्या बाकांची भीती जास्त होती.

त्या रात्री लगेच सैन्य पाठवता आलं असतं तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. पण तयारी नव्हती. सायप्रसला मोठ्या ताफ्याला पुरेल असं बंदर नाही, ताफा निघणार माल्टाहून, तिथून पोर्ट सैदला सहा दिवस, राखीव सैनिक बोलवायचे, रणगाडे चढवायचे, यात ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर गेले. आणि या तीन महिन्यांत लढाईचं कारणच झिजत गेलं. लंडनला २२ देशांची परिषद झाली, आपल्याकडून कृष्ण मेनन गेले होते, भारतानं इजिप्तचा हक्क मान्य करून मधला मार्ग सुचवला, तो बहुमतानं घेतला नाही. मग १५ सप्टेंबरला कंपनीचे बहुतेक परदेशी पायलट काम सोडून गेले, अंदाज असा की इजिप्शियनांना जहाजं चालवता येणार नाहीत आणि कालवा आपोआप ठप्प होईल. नाही झाला. जहाजं जात राहिली. "यांना हे जमणार नाही" हा युक्तिवाद तिथेच संपला. १३ ऑक्टोबरला तर सुरक्षा परिषदेनं कालव्याच्या कारभाराची सहा तत्त्वं एकमतानं मंजूर केली, म्हणजे तडजोड जवळपास टप्प्यात होती.

आणि दुसऱ्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, चेकर्सला, म्हणजे पंतप्रधानांच्या खेड्यातल्या सरकारी घरी, दोन फ्रेंच पाहुणे आले, मंत्री गाझिये आणि जनरल शाल. त्यांनी आणलेली योजना अशी की इस्रायलनं सिनाईतून हल्ला करायचा आणि मग ब्रिटन-फ्रान्सनं "भांडणारांना वेगळं करायला" म्हणून कालव्यावर उतरायचं. २२ ते २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळ सेव्हरला इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरिअन, फ्रेंच आणि ब्रिटिश बसले आणि लेखी कागद झाला. ब्रिटनतर्फे पॅट्रिक डीन या अधिकाऱ्यानं सही केली, ते ऐकून ईडन हादरले, लेखी काही होईल याची त्यांना कल्पना नव्हती, त्यांनी आपली प्रत नष्ट करायला लावली. इस्रायलची प्रत राहिली.

वर्गात मी फळ्यावर चार उभे रकाने काढतो, कैरो, वॉशिंग्टन, लंडन आणि चौथा नुसता "पैसा", आणि पोरांना २९ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर एकेक तारीख भरायला लावतो. तुम्हीही करून बघा, पुस्तकातला उतारा दहा वेळा वाचून जे कळत नाही ते यात कळतं. २९ ला इस्रायलचा हल्ला. ३० ला ब्रिटन-फ्रान्सचा अल्टिमेटम: दोघांनी कालव्यापासून दहा-दहा मैल मागे व्हा. आता गंमत बघा, इस्रायली सैन्य त्या वेळी कालव्याच्या बरंच लांब सिनाईत होतं, म्हणजे त्यांना "मागे व्हा" चा अर्थ पुढे या असा होता, आणि इजिप्तला स्वतःच्याच जमिनीवरून मागे सरायला सांगितलं होतं. ज्यानं नकाशा उघडला त्याला त्याच दिवशी वास आला. त्याच दिवशी ब्रिटननं सुरक्षा परिषदेत व्हेटो वापरला, पहिल्यांदाच. ३१ ला बॉम्बफेक. २ नोव्हेंबरला पहाटे महासभेचा ठराव, ६४ विरुद्ध ५. ४ ला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि अमेरिकेला आपल्याच दोस्तांमुळे तोंड उघडायची चोरी झाली, त्याच दिवशी ट्रॅफल्गार चौकात "लॉ नॉट वॉर" चे फलक घेऊन प्रचंड सभा. ५ ला छत्रीधारी उतरले, ६ ला जहाजातलं सैन्य. आणि ६ लाच अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांची निवडणूक.

आता चौथा रकाना. पौंडाचा भाव तेव्हा २.८० डॉलरला बांधलेला होता, तो टिकवायला तिजोरीत डॉलर लागतात आणि ते धडाधड बाहेर चालले होते. सप्टेंबरमध्ये ५.७ कोटी डॉलर गेले, ऑक्टोबरमध्ये ८.४ कोटी, नोव्हेंबरमध्ये जवळपास २८ कोटी. कालवा नासरनी जहाजं बुडवून बंद केला, सीरियातली तेलाची पाइपलाइन उडवली गेली, म्हणजे आता तेलही डॉलर मोजून अमेरिकेकडून घ्यायचं. नाणेनिधीकडून पैसे उचलावे म्हटलं तर अमेरिकेची मान हलल्याशिवाय मिळत नाहीत, आणि अमेरिकेचा निरोप साफ होता: आधी युद्धबंदी. अर्थमंत्री होते हॅरल्ड मॅकमिलन. उन्हाळ्यात हेच गृहस्थ कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त लढाईच्या बाजूचे, सप्टेंबरमध्ये आयसेनहॉवरना भेटून आले आणि आईक (म्हणजे आयसेनहॉवर) काही आडवा येणार नाही असा अंदाज घेऊन आले, जेव्हा की आयसेनहॉवरनी ईडनना पत्रांतून बळ वापरू नका असं सरळ लिहिलं होतं. ६ नोव्हेंबरच्या सकाळी त्यांनीच सांगितलं की आता झेपत नाही. आठवड्यात दहा कोटी पौंड गेले असं ते बोलल्याचं बहुतेक इतिहासकार लिहितात, खरा आकडा त्याच्या साधारण एक तृतीयांश होता. मुद्दाम फुगवला की घाईत चुकला यावर अजून भांडणं आहेत. मला मुद्दाम वाटत नाही, घाबरलेला माणूस आकडे मोठेच सांगतो, पण त्याचा फायदा कुणाला झाला हे पुढे दिसलंच. लेबरच्या हॅरल्ड विल्सननी टोमणा मारला होता की हा गडी आत शिरताना पहिला आणि बाहेर पडतानाही पहिला.

मध्यरात्री युद्धबंदी. म्हणजे ईडनना थांबवलं ते नासरनं नाही आणि सभेतल्या गर्दीनंही नाही, ते स्वतःच्या अर्थमंत्र्यानं वाचून दाखवलेल्या आकड्यानं.

पण थांबणं वेगळं आणि पडणं वेगळं. ६ नोव्हेंबरला ईडन पडले नव्हते. आणि इथे पब्लिकबद्दल एक समज काढून टाका: लोक त्यांच्यावर तुटून पडले होते असं काही नाही. देश उभा दुभंगला होता, हो, पण कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा खालचा कार्यकर्ता कट्टर ईडनच्या बाजूनं होता. नायजेल निकल्सन म्हणून बोर्नमथचे खासदार, त्यांनी सुएझवर सरकारला मत दिलं नाही, तर त्यांच्याच स्थानिक पक्ष शाखेनं त्यांची उमेदवारी कापली. अँथनी नटिंग हे परराष्ट्र खात्यातले राज्यमंत्री, चेकर्सच्या त्या बैठकीला हजर असलेले, त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांचं राजकारण संपलं. म्हणजे शिक्षा झाली ती विरोध करणाऱ्यांना. गेटस्केलनी टीव्हीवरून कन्झर्व्हेटिव्ह खासदारांना आवाहन केलं की तुमच्या नेत्याला हटवा, त्यावर ते खासदार उलटे चिडून एकत्र झाले.

मग पडले कसे? तब्येत आणि गैरहजेरी, आणि त्या गैरहजेरीत घडलेल्या गोष्टी. एप्रिल १९५३ मध्ये त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन बिघडलं होतं, पित्तनलिका दुखावली, तेव्हापासून अधूनमधून जबरदस्त ताप भरायचा, अमेरिकेत पुन्हा ऑपरेशन झालं तरी पूर्ण बरे झाले नाहीत, आणि १९५६ च्या त्या महिन्यांत उत्तेजक गोळ्यांवर दिवस काढत होते. नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्यानं जमैकाला विश्रांतीला गेले. इकडे पुढच्या महिन्यात पेट्रोलचं रेशनिंग सुरू होणार आणि पंतप्रधान समुद्रकिनारी, हे कसं दिसलं असेल विचार करा! त्याच सुमारास, २२ नोव्हेंबरला, पक्षाच्या मागच्या बाकवाल्यांच्या १९२२ कमिटीपुढे ज्येष्ठ मंत्री बटलर आणि मॅकमिलन दोघांची भाषणं झाली. बटलर, जे खरं तर ईडनच्या जागी कारभार बघत होते, थोडकं आणि रुक्ष बोलले, मॅकमिलननी मैफल मारून नेली. वारसदार त्या खोलीत ठरला असं म्हणायला हरकत नाही.

ईडन डिसेंबरच्या मध्याला परतले. २० डिसेंबरला संसदेत प्रश्न आला की इस्रायल हल्ला करणार हे आधी माहीत होतं का, आणि त्यांनी उभं राहून सांगितलं की नव्हतं. सेव्हरचा कागद डोक्यात असताना. आतल्या वर्तुळातल्या ज्यांना खरं माहीत होतं त्यांच्यापुढे आता या माणसाला वाचवत राहायचं म्हणजे हे वाक्य आपणही कायम धरून ठेवायचं, असा पेच झाला. ९ जानेवारी १९५७ ला प्रकृतीच्या कारणानं राजीनामा. कारण खोटं नव्हतं, डॉक्टर खरोखर तेच सांगत होते, पण धडधाकट असते तरी फार दिवस टिकले असते असं मला वाटत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे उत्तरांमध्ये कुणीच लिहीत नाही. तोच पक्ष, सुएझला सगळ्यात आधी हवा देणाऱ्या मॅकमिलनच्या नेतृत्वाखाली, ऑक्टोबर १९५९ च्या निवडणुकीत १०० ची मेजॉरिटी घेऊन आला. मतं ४९ टक्क्यांच्या वर, जवळपास १९५५ इतकीच. घरात टीव्ही, दारात गाडी अशी चलती होती, सुएझ कुणाच्या लक्षात नव्हतं. मतदारानं सुएझची शिक्षा दिली असती तर ती इथे दिसायला हवी होती.

आता फॉकलंडला तोच फळा लावा. अर्जेंटिनानं २ एप्रिल १९८२ ला बेटं घेतली, ताफा पोर्ट्समथहून ५ एप्रिलला निघाला, तीन दिवसांत, आठ हजार मैलांच्या प्रवासाला. राग गरम असतानाच. कागद स्वच्छ होता: पहिला हल्ला समोरच्यानं केलेला, ३ एप्रिललाच सुरक्षा परिषदेचा ५०२ क्रमांकाचा ठराव अर्जेंटिनानं माघार घ्यावी म्हणून, त्यामुळे संसदेपासून लपवण्यासारखं सेव्हर इथे नव्हतं. अमेरिका महिनाभर मध्यस्थी करत बसली पण एप्रिलअखेर उघड ब्रिटनच्या बाजूला आली, असेन्शन बेटावर इंधन आणि विमानांना साइडवाइंडर क्षेपणास्त्रं मिळाली. पौंडही तेव्हासारखा घसरणीला लागलेला नव्हता. आणि गाफील राहिल्याचा दोष परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टननी ५ एप्रिललाच राजीनामा देऊन स्वतःवर घेतला, ही थॅचरबाईंची मोठी सोय झाली, कारण दक्षिण अटलांटिकमधलं गस्तीचं जहाज काढून घ्यायचा निर्णय त्यांच्याच सरकारचा होता. १४ जूनला शरणागती. २५५ ब्रिटिश आणि ६४९ अर्जेंटिनाचे सैनिक गेले.

तरी "फॉकलंडनं १९८३ जिंकवलं" हेही मी अर्धंच मानतो. त्या निवडणुकीत १४४ ची मेजॉरिटी आली खरी, पण मतं ४२.४ टक्के, म्हणजे १९७९ पेक्षा कमी. विरोधी मतं लेबर (२७.६) आणि लिबरल-एसडीपी आघाडी (२५.४) यांच्यात फाटली होती, अर्थव्यवस्थाही तळ सोडून वर येत होती, आणि यातल्या कशाचा वाटा किती यावर अभ्यासक अजून भांडतात. माझ्या मते फॉकलंडचा खरा फायदा पक्षाच्या आत झाला. १९८१ च्या शेवटी त्यांचेच कॅबिनेटमधले लोक बाईंना बदलायची भाषा करत होते, जून १९८२ नंतर ती बंद झाली. पुढे १९९० मध्ये हीच खुर्ची युरोपच्या प्रश्नावरून हलली, नुकताच राजीनामा दिलेले उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी १३ नोव्हेंबरला संसदेत भाषण केलं की आम्हाला खेळपट्टीवर पाठवताना कॅप्टननंच बॅटी आधी मोडून ठेवलेल्या असतात, आणि दोन आठवड्यांत बाई गेल्या. तीन निवडणुका सलग जिंकलेल्या, लोकांनी कधीच न हरवलेल्या.

चेंबरलेनचंही तेच. मे १९४० मध्ये नॉर्वेच्या फसलेल्या मोहिमेवर मतदान झालं तेव्हा ते हरले नव्हते, २८१ विरुद्ध २०० नी जिंकले होते, पण दोनशेच्या वर असलेली आघाडी ८१ वर आली आणि तेवढं पुरलं. ब्लेअरनाही इराकपेक्षा २००६ च्या लेबनॉन युद्धानं जास्त घाई लावली असं मी म्हणेन, लगेच युद्धबंदी मागायला त्यांनी नकार दिला, तोवर इराकनं विश्वास पोखरलेला होताच, आणि सप्टेंबरमध्ये स्वपक्षाच्या खासदारांची पत्रं आल्यावर वर्षभरात जातो असं जाहीर करावं लागलं.

थोडक्यात, बाहेरच्या देशातल्या घटनेपेक्षा त्यासाठी पैसा कुठून येणार, अमेरिका कुठे उभी आहे, किती झटपट हाललात, आणि सहकाऱ्यांना तुमच्यासाठी काय लपवावं लागतंय, हे बघा. ईडनच्या बाबतीत चारही उलटे पडले, थॅचरच्या बाबतीत १९८२ ला चारही सुलटे.

परीक्षेचं म्हणाल तर "सुएझमुळे ईडन पडले" हे वाक्य चुकीचं नाही, मार्क कापणार नाही कुणी, पण त्याच्यापुढे एक ओळ घाला की युद्धबंदी पौंडावरच्या ताणामुळे आणि अमेरिकेच्या दबावामुळे झाली, आणि राजीनामा दोन महिन्यांनी, तब्येत आणि पक्षांतर्गत स्थितीमुळे. मग १९५९ चा निकाल जोडा. शब्दमर्यादा दीडशेची असेल तर पायलटांचा आणि १९२२ कमिटीचा भाग सोडून द्या, सेव्हर मात्र ठेवा.